रविवारची फवारणी थांबव

पुणे

चि. सायलीस,


सोसायटीतल्या पपईवर पिठ्या ढेकूण पडलाय आणि मुंगळे त्याला खाताहेत, असं तू लिहिलंस. फोटो नीट पाहिला. मुंगळे त्याला खात नाहीत, राखताहेत. पिठ्या झाडाचा रस ओढतो आणि गोड चिकटा सोडतो. तो मिळावा म्हणून मुंगळे जवळ येणाऱ्या किड्यांना हुसकावतात.

आता त्याच पानावर भिंग धर. पांढऱ्या कापसात काही फुगीर, तपकिरी कवचं दिसतील. गोल भोक असेल, तर आतून पिठ्याला मारणारी बारीक माशी बाहेर पडून गेली असं समज.

पपईवरचा हा पिठ्या मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो २००८ साली कोइमतूरला सापडला, २०१० मध्ये पुण्याकडच्या बागांत पोचला. त्याचे शत्रू तिकडेच राहिले, म्हणून इथे माजला. २०१० मध्येच बंगळूरच्या एका राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून परोपजीवी माश्या आणल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपयी फार गुणाची ठरली. ती गांधीलमाशीच्या गोतातली, पण लांबीला मिलिमीटरहूनही कमी, आणि माणसाला डंख करत नाही. मादी पिठ्याच्या पिल्लात अंडं घालते, अळी त्याला आतून संपवते.

मुंगळा आणि ही माशी एकाच गणातले. दोघांतही अफलित अंड्यातून नर जन्मतो. राहणी मात्र किती वेगळी! कामकरी मुंगळे राणीच्या पिल्लांना भरवत आयुष्य घालवतात. माशी एकटी, अंड्यासाठी योग्य पिठ्या निवडणं एवढंच तिचं संगोपन. मला तिची ही पारख मुंगळ्यांच्या रांगेहूनही थक्क करते.

म्हणून रविवारची फवारणी नको. पिठ्याच्या अंगावर मेण असतं, औषध त्यात नीट शिरत नाही. माशी मात्र लगेच मरते. त्यापेक्षा खोडाला जाड कागदाची पट्टी घट्ट बांध आणि तिच्यावर ग्रीस लाव. झाडाला टेकलेल्या फांद्या, दोऱ्या काढ, नाहीतर मुंगळे तिथून चढतील. त्यांच्या बिळात पावडर मात्र टाकू देऊ नकोस. मेलेले किडे ओढून नेणं, माती भुसभुशीत करणं हे त्यांचं काम चालू दे. फक्त हे एक झाड त्यांना बंद. मग काही आठवडे पानं बघत राहा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पटलं नाही, तर कवचांचं एक पान शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात दाखवून आण. पण सेक्रेटरींशी आजच बोल. पंप भरून झाल्यावर कुणी ऐकणार नाही.

तुझा,
मामा