खुंटलेली वाढ : एका आनुवंशिक दोषाची हकीकत

कवाइतीच्या तासास मुलें उंचीप्रमाणें उभीं केलीं म्हणजे रांगेच्या शेवटीं कोण उभा राहील हें सर्वांस आधींच ठाऊक असतें. त्याला "गिड्डा", "बुटका" अशीं नांवें पडतात, आणि आम्ही शिक्षकही कधीं कधीं तीं ऐकून न ऐकल्यासारखें करतों. बहुतेक ठेंगणीं मुलें निरोगीच असतात. आईबाप ठेंगणे असतात, किंवा वाढ जरा उशिरां येते. परंतु थोड्यांच्या बाबतींत कारण निराळें असतें, व तें ओळखण्यांत वर्षें गेलीं तर पुढें उपाय चालत नाहीं.

शरीरांतील कांहीं ग्रंथि रक्तांत जे स्राव सोडतात त्यांस हार्मोन म्हणतात. हार्मोन म्हणजे एक निरोपच होय. वाढीचा निरोप टप्प्याटप्प्यानें जातो. मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस हा भाग प्रथम एक स्राव पाठवितो. तो जवळच्याच वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीस पोंचला म्हणजे ती वाढीचा हार्मोन सोडते. आणि त्या हार्मोनामुळें यकृतांत व इतरत्र आयजीएफ-१ नांवाचा पदार्थ तयार होऊन हाडें लांब होतात. प्रत्येक ठिकाणीं निरोप घेणारा ग्राहक असतो. रापणीच्या होडीवरून हांक आली, पण किनाऱ्यावर दोर धरणारा बहिरा असला, तर जाळें ओढलें जात नाहीं. हांक कितीही मोठी केली तरी व्यर्थ.

असा बहिरेपणा असूं शकतो हें १९४२ सालीं अमेरिकेंतील फुलर ऑल्ब्राइट यांनीं पॅराथायरॉइडच्या स्रावासंबंधानें प्रथम दाखविलें. १९६६ सालीं इस्राएलांतील झ्वी लारॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशीं मुलें वर्णिलीं कीं ज्यांच्या रक्तांत वाढीचा हार्मोन भरपूर होता, परंतु उंची वाढत नव्हती. येथें किनाऱ्यावरचा शेवटचा मनुष्य बहिरा होता.

आपल्या देशांतील प्रकार ह्याहून एक पायरी अलीकडचा आहे. येथें पिट्युटरीच बहिरी असते. १९९६ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं एका भारतीय घराण्यांतील दोन मुलांत हा दोष शोधून काढला. पिट्युटरीवरील ग्राहक ४२३ अमिनो आम्लांचा बनलेला असतो. तो घडविणाऱ्या जनुकांत ७२ व्या जागीं एकच अक्षर बदललेलें होतें, आणि तेथें पुढील आम्ल जोडण्याऐवजीं "थांब" अशी आज्ञा झाली होती. चारशेंहून अधिक दुव्यांची सांखळी एकाहत्तराव्या दुव्यावर तुटली! लवकरच माहेश्वरी व बाउमान यांस सिंधमधील खेड्यांत तोच दोष असलेले अठरा जण आढळले. प्रौढ पुरुषांची उंची सरासरी १३० सेंटिमीटर होती. अंगलट प्रमाणबद्ध, आणि बुद्धीत कांहीं उणें नव्हतें. पुढें २००५ सालीं मुंबईच्या डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम भारतांतील मुलांतही तो दाखवून दिला. ह्या उपखंडांतील, परस्परांशीं नातें नसलेल्या तीन कुटुंबांची जनुकें २००३ सालीं ताडून पाहिलीं, तेव्हां हें अक्षर कोण्या एकाच जुन्या पूर्वजाकडून सर्वांस आलें असावें असें दिसलें.

हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच मूल खुंटतें. एकाकडूनच आला तर मनुष्य सामान्यतः इतरांसारखाच वाढतो, व आपण दोष वाहत आहों हें त्यास ठाऊकही नसतें. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणीं चारांत एक एवढा धोका असतो. जवळच्या नात्यांत लग्नें झालीं म्हणजे असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, कारण दोघांचा आजा एकच. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे. तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मूल वाढलें नाहीं म्हणजे सुनेला बोल लावितात, तो अन्याय मात्र येथें स्पष्ट होतो. निम्मा वांटा मुलाकडचाच असतो.

कोणता टप्पा बहिरा आहे ह्यावर उपाय अवलंबून असतो. पिट्युटरी बहिरी असेल तर तिला वगळून वाढीचा हार्मोनच रोज कातडीखालीं सुईनें देतात, आणि मूल वाढूं लागतें. लारॉनच्या रोग्यांस मात्र तो देऊन उपयोग नाहीं. त्यांस आयजीएफ-१ च द्यावा लागतो. दोन्ही उपचार वर्षानुवर्षें चालणारे व खर्चाचे आहेत. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोगांविषयींच्या धोरणांत वाढीच्या हार्मोनाच्या उणिवेचा समावेश आहे, व मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणांतील केंद्रांपैकीं एक होय. मात्र हाडांचीं टोंकें एकदां जुळलीं म्हणजे कोणतेंही औषध उंची देत नाहीं.

म्हणून आईबापांस विनंती कीं, घरांतील एका भिंतीशीं मुलास अनवाणी उभें करून दर वाढदिवशीं पेन्सिलीनें खूण करावी व बाजूस तारीख लिहावी. चार वर्षांनंतर वयांत येईपर्यंत मूल वर्षास साधारण पांच ते सहा सेंटिमीटर वाढतें. दोन खुणांमधील अंतर चार सेंटिमीटरांहून कमी भरलें, तर त्या तारखा व आंकडे कागदावर उतरून घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जावें.