पालकत्व आणि सरकारी नोंद

मूल आजारी पडले, अभ्यासात मागे राहिले किंवा वाईट संगतीला लागले, तर आईबापांनी काय करावे याविषयी प्रत्येक समाजात काही ठरीव उपदेश असतो. मुलगा म्हणून जन्मनोंद झालेले मूल 'मी मुलगी आहे' असे वर्षानुवर्षे ठामपणे सांगू लागले, की तो उपदेश संपतो. अशा मुलांसाठी येथे 'पारलिंगी' हा शब्द योजला आहे. 'तृतीयपंथी' या शब्दाने गुरू-चेल्यांची परंपरा असलेला एक विशिष्ट समाज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील ज्या कुटुंबांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांना तो लागू पडत नाही.

या कुटुंबांपुढील पहिला प्रश्न वैद्यकीय असतो. वयात येण्याची क्रिया काही काळ लांबणीवर टाकणारी औषधे, अकाली वयात येणाऱ्या मुलांना फार पूर्वीपासून दिली जात आहेत. पारलिंगी मुलांना ती देण्याची पद्धत १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये रूढ झाली. त्यांच्या दीर्घकालीन परिणामांविषयी वैद्यकशास्त्रात खराखुरा मतभेद आहे. स्वीडन व फिनलंड यांनी त्यांचा वापर मर्यादित केला; इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ मधील अहवालाने पुराव्याच्या उणिवांवर बोट ठेवले. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु उपचार योग्य की अयोग्य हा एक प्रश्न, आणि तो करविणारे आईबाप मुलाचा छळ करतात काय, हा दुसरा. २०२२ साली टेक्सास राज्यात या दोहोंमधील रेषा पुसली गेली.

राज्याचे महान्यायवादी केन पॅक्स्टन यांनी १८ फेब्रुवारीच्या मतपत्रात असे उपचार म्हणजे बालछळ ठरू शकतो, असे प्रतिपादन केले. चार दिवसांनी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी बालसंरक्षण विभागाला चौकशीचा आदेश दिला. डॉक्टर, परिचारिका व शिक्षक यांनी अशी प्रकरणे कळविली पाहिजेत, न कळविल्यास शिक्षा होऊ शकते, याचीही त्या पत्रात आठवण देण्यात आली. म्हणजे मूल ज्यांच्या विश्वासावर घराबाहेर पडते, तीच माणसे खबर देणारी ठरली.

पहिल्या चौकशांपैकी एक ज्या घरी झाली, तेथील आई याच विभागात नोकरीला होती. मुलांच्या छळाविषयीच्या तक्रारी तपासणे हेच तिचे काम. आपली मुलगी पारलिंगी, वय वर्षे सोळा. तेव्हा या आदेशाचा आपल्यावर काय परिणाम होईल, असे तिने वरिष्ठांना विचारले. तिला सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले आणि २५ फेब्रुवारीला तपासनीस दारात उभा राहिला. त्याला मुलीचे वैद्यकीय कागद पाहिजे होते. आईबापांनी संमतिपत्रावर सही केली नाही, आणि १ मार्चला टोपणनावाने न्यायालयात धाव घेतली. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे रोजी निर्णय दिला, की गव्हर्नर वा महान्यायवादी यांना विभागावर अशी सक्ती करता येत नाही. चौकशीवरील मनाई मात्र दावा लावणाऱ्यांपुरतीच राहिली. पुढे सप्टेंबर २०२३ पासून अल्पवयीनांवरील हे उपचारच तेथे कायद्याने बंद झाले.

अमेरिकेत अशी मुले वाढविणारे अनेक पालक फार आधीपासून घरात एक फाईल ठेवीत आले आहेत. तीत डॉक्टरांचे अभिप्राय असतात, शिक्षकांची, शेजाऱ्यांची, धर्मगुरूंची पत्रे असतात, लहानपणची छायाचित्रे असतात, आणि पुष्कळदा मुलाने स्वतःचे काढलेले चित्रही असते. आम्ही मुलाला काही शिकविलेले नाही, उलट त्याचेच ऐकले, हे अनोळखी अधिकाऱ्याला पटविण्यासाठी ही जमवाजमव. आता हीच फाईल उपचारांचा पुरावाही ठरू शकते. ती जवळ बाळगावी की दुसऱ्याच्या घरी ठेवावी, या विवंचनेत आईबापांचे जे दिवस जातात, त्यांची कोठे नोंद होत नाही.

ही भीती केवळ मनाची नव्हे. २०२२ मध्येच पॅक्स्टन यांच्या कार्यालयाने, वाहनपरवान्यावरील लिंगनोंद किती जणांनी बदलली, याची माहिती मागविली होती. यादी म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकाला सांगावयास नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची नोंदवही ठेवण्यात येत असे, आणि नोंद झालेल्याच्या घरी सोळा वर्षांखालील मुलगा आढळल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शके. उलट २०१९ च्या कायद्यात आपल्या संसदेने अशी तरतूद केली, की केवळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाविना आईबापांपासून वेगळे करता येणार नाही.

टेक्सासमधील काही कुटुंबांनी राज्य सोडले. मिनेसोटाने २०२३ मध्ये कायदा करून अशा कुटुंबांना आसरा दिला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी टेनेसीची अशीच बंदी वैध ठरविली, तेव्हा स्थलांतराचा विचार आणखी घरांत शिरला असल्यास नवल नाही. पण घर विकणे, नोकरी शोधणे, म्हाताऱ्या आजीला मागे ठेवणे सर्वांना जमत नाही. घटस्फोटित आईची अडचण तर निराळीच. मुलाच्या ताब्याच्या हुकुमात पुष्कळदा त्याने कोणत्या भागात राहावे हेही ठरवून दिलेले असते. ते बदलावयाचे तर न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात जाण्याचे कारण नमूद करावे लागते.