एवढं बारीक जोडतं कोण? – डीएनए ओरिगामी

मोबाईलच्या चिपविषयी बोलताना मुलांचा एक प्रश्न हमखास येतो, "एवढं बारीक जोडतं कोण?" आपण "मशीन" म्हणून मोकळे होतो. ते चूक नाही, चिपवरची नक्षी प्रकाशाच्या साहाय्याने कोरतात. पण एकेक रेणू उचलून नेमक्या जागी ठेवायचा, तर अब्जावधी रेणूंना किती वेळ लागेल? त्यापेक्षा रेणूंनाच आपापलं जुळू द्यावं. याला स्वयंजुळणी म्हणू या.

२००६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूचा सुमारे ७००० अक्षरांचा लांब डीएनए धागा घेतला. त्यात दोनशेच्या वर आखूड धागे मिसळले. आखूड धागा लांब धाग्याच्या दूरदूरच्या जागांना एकाच वेळी चिकटतो, त्या जवळ ओढल्या जातात आणि घडी पडते. मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड केलं, की दोन तासांच्या आत हसरे चेहरे तयार! प्रत्येकाची रुंदी फक्त १०० नॅनोमीटर.

सावकाश का? कारण ए ला टी आणि जी ला सी हीच जोडी घट्ट बसते. ऊब असेपर्यंत धागे हलत राहतात, चुकलेली जोडी सुटते, बरोबर जोडी टिकते. घाईने गार केलं तर चुकलेलंही तसंच अडकून बसतं.

आता यात इलेक्ट्रॉनिक्स कुठे आलं? डीएनए काही चांगली तार नव्हे, तो पाट आहे. वर काय मांडायचं ते वेगळं. २००९ मध्ये आयबीएम आणि कॅलटेकच्या संशोधकांनी आधी पृष्ठभागावर चिकट जागा कोरल्या, मग डीएनएचे त्रिकोण त्यांवर आपोआप बसले. आधी ठिपके, मग रांगोळी! २०१० मध्ये कॅलटेकमध्येच अशा पाटावर कार्बनच्या नॅनोनळ्या आडव्या-उभ्या मांडून ट्रान्झिस्टरसारखं काम करणारी रचना केली गेली. तुमच्या-माझ्या फोनमध्ये मात्र हे नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

वर्गात करून बघा. निम्म्या मुलांना चार अक्षरी चिठ्ठ्या द्या, उरलेल्यांना त्यांच्या जोडीच्या. उदा. 'एएजीटी' ला 'टीटीसीए'. टाळ्या जलद तोवर कोणी थांबायचं नाही. टाळ्या मंदावल्या की चारही अक्षरं जुळली तरच हात धरायचा. दुसऱ्या फेरीत टाळ्या एकदम बंद करा आणि किती जोड्या चुकल्या ते मोजा.

"रेणूंना कळतं" असं मात्र म्हणू नका. मुलं ते खरं धरतात. आणि एक चिठ्ठी बिनजोडीची ठेवा, पण ती स्वतःच घ्या.