‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी

वर्गात एखादा मुलगा वारंवार चुकू लागला, की ‘तो मठ्ठच आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो का चुकतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचे उत्तर शोधणारी विद्या म्हणजे बालकांचे चिकित्सा-मानसशास्त्र होय.

या विद्येचा आरंभच एका शिक्षिकेच्या शंकेतून झाला. 1896 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका शिक्षिकेने आपला विद्यार्थी प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे नेला. शब्द लिहिताना तो फार चुकत असे. तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा व स्वतंत्र शिकवणी यांची योजना झाली. त्याच वर्षी विटमर यांनी मानसशास्त्रीय चिकित्सालय स्थापन केले. आपल्याकडे मुंबईत 1937 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात बालमार्गदर्शन केंद्र निघाले.

बुद्धी मोजण्याची कसोटी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली तयार केली. परंतु परक्या भाषेतील प्रश्नांनी आपल्या मुलांची पारख कशी व्हावी? म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा यावरील ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला.

भाषेचे हे महत्त्व मला नंदिगड्डे येथेच उमगले. एका नव्या विद्यार्थ्याला चित्र दाखवून मी मराठीत प्रश्न विचारले. तो मान खाली घालून उभा राहिला. ‘याला काही येत नाही,’ असे मी मनाशी ठरवूनही टाकले. मधल्या सुट्टीत तेच प्रश्न कोकणीत विचारले, तेव्हा चित्रातील प्रत्येक वस्तू तर त्याने सांगितलीच. शिवाय रानातला कोणता कंद केव्हा खणावा, हेही मला शिकवले! माझीही मायबोली कोकणीच. तरी हे मला आधी सुचू नये, याची आजही लाज वाटते.

या विद्येकडे वळू इच्छिणाऱ्याने प्रथम मानसशास्त्र घेऊन पदवी व पुढे एम. ए. करावे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात ही सोय आहे. तथापि केवळ एम. ए. पुरेसे नाही. त्यानंतर रुग्णालयात अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण घ्यावे लागते. मुलाचा पूर्वेतिहास लिहिणे, आईवडिलांचे ऐकणे, खेळ पाहणे, कसोट्या देणे आणि निष्कर्षाची घाई न करणे, हे सारे तेथे शिकावे लागते. बंगळूरची निम्हान्स ही संस्था यासाठी नामांकित आहे. तिची पूर्वसंस्था 1954 साली सुरू झाली. व्यवसाय करण्यास 1992 च्या कायद्याने स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. अभ्यासक्रमांचे नियम बदलतात. म्हणून प्रवेशापूर्वी परिषदेची मान्यता पाहावी.

हा मार्ग लांबचा आहे खरा. पण घरी कोकणी, शाळेत मराठी व बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या मुलांजवळ त्यासाठी लागणारे मोठे भांडवल आधीच आहे. मुका वाटणारा मुलगा कोणत्या भाषेत बोलेल, हे त्यांच्याइतके कोणास कळणार?