माझगावची गोदी

घोडनदीच्या काठी वाढलेल्या शिरूरच्या मुलाला होडी ठाऊक असते. परंतु तीन हजार टनांचे पोलादी जहाज जमिनीवर बांधून पाण्यात कसे सोडतात, हे पाहावयाचे तर त्याने मुंबईस माझगावी गेले पाहिजे.

मुंबईत जहाजे बांधण्याची विद्या जुनी आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल कारागीर सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनी सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली, त्यांचा लौकिक इंग्लंडपर्यंत पोहोचला. १८१७ साली तयार झालेले त्यांचे ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात आजही तरंगत आहे!

माझगावची गोदी १७७४ साली बांधली गेली. ती लहानशी सुकी गोदी होती. अशा गोदीत भरतीच्या वेळी जहाज आत घेतात, दरवाजा लावतात आणि आतील पाणी काढून टाकतात. मग जहाजाचा तळ उघडा पडतो व कारागिरांना तो दुरुस्त करता येतो. पुढे लाकडाची जागा लोखंडाने आणि शिडांची जागा वाफेच्या यंत्राने घेतली. मोठी जहाजे विलायतेत बांधली जाऊ लागली. मुंबईच्या वाट्याला मुख्यतः दुरुस्ती उरली. १९३४ साली माझगाव गोदीची रीतसर कंपनी झाली, तरी तिची मालकी ब्रिटिश जहाज कंपन्यांकडेच होती.

१९६० साली भारत सरकारने ही गोदी विकत घेतली. येथे युद्धनौका बांधावयाची, असे ठरले. काम सोपे नव्हते. फाटलेला सदरा सांधणाऱ्याला नवा सदरा बेतता येतोच असे नाही! आराखडे ब्रिटनमधून आले; परंतु ते वाचून पोलादाचे पत्रे कापणे, वाकवणे, जोडणे आणि शेकडो नळ्या व तारा नेमक्या जागी बसवणे, हे येथील हातांनाच करावयाचे होते. १९६६ च्या ऑक्टोबरात जहाजाचा कणा मांडला गेला.

जहाज उतरत्या धक्क्यावर बांधतात. सांगाडा पुरा झाला की खालचे अडसर काढतात आणि ते प्रचंड धूड वंगण लावलेल्या वाटेवरून घसरत पाण्यात शिरते. यालाच जलावतरण म्हणतात. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ‘नीलगिरी’चे जलावतरण झाले. सुमारे ११३ मीटर लांबीची ही नौका ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली.

त्यानंतर त्याच जातीच्या आणखी पाच नौका येथे तयार झाल्या. १९८३ साली दाखल झालेल्या ‘गोदावरी’चा आराखडा भारतीयांनीच काढला होता. १९९२ साली येथे बांधलेली ‘शाल्की’ ही पाणबुडी नौदलात आली.

जुनी ‘नीलगिरी’ १९९६ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. १५ जानेवारी २०२५ रोजी त्याच नावाची नवी युद्धनौका मुंबईत नौदलात दाखल झाली. तीही माझगावच्याच गोदीत बांधलेली. तिची लांबी सुमारे १४९ मीटर आहे. आणि तिचे आराखडे या वेळी विलायतेहून आणावे लागले नाहीत.