माल-जान अमान

कझाक माणसाला वाटेत कोणी ओळखीचे भेटले, की जुन्या रीतीप्रमाणे तो विचारतो, ''मल-जान अमान बा?'' मुलांनो, तुम्हांला उर्दू येते, म्हणून यातले शब्द तुम्ही लगेच ओळखले असतील. मल म्हणजे माल, जान म्हणजे जीव आणि अमान म्हणजे सुखरूप. फक्त त्यांच्या भाषेत 'मल' म्हणजे पैसाअडका नव्हे, तर गुरेढोरे. आधी गुरांची चौकशी, मग माणसांची! शेजारचे किरगीझ लोकही असेच विचारतात.

कझाकस्तान महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट मोठा आहे. तिथे दूरवर गवताळ माळ पसरलेले आहेत. किरगिझस्तान मात्र बहुतेक डोंगराळ आहे. माळ असो की डोंगर, दोघेही पूर्वी घोडे आणि मेंढ्या घेऊन चाऱ्यामागे फिरत असत. उन्हाळी कुरणाला कझाक 'जायलाऊ' म्हणतात, तर किरगीझ 'जायलो'. घोडीचे दूध आंबवून केलेले 'कुमिस' दोघांच्याही आवडीचे.

फिरणाऱ्यांचे घरही फिरते हवे. त्यांचा गोल तंबू लाकडी जाळीचा असतो. जाळीचे जोड चामड्याच्या वाद्यांनी बांधतात. खिळा एकही नसतो. वरून नमदा घालतात. नमदा घोंगडीसारखा विणत नाहीत. लोकर पसरून, गरम पाणी शिंपडून, गुंडाळून ती दाबत राहतात. माथ्यावर लाकडी कडे असते. त्यातून उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो. कझाक त्याला 'शानिराक' म्हणतात, किरगीझ 'तुंदुक'. कझाक भाषेत 'शानिराक उभारले' म्हणजे लग्न करून संसार थाटला. अशा अनेक तंबूंची मिळून छावणी होते. छावणीला तुर्की भाषेत 'ओर्दू' म्हणत. तुमच्या उर्दूचे नाव याच शब्दावरून पडले आहे.

पुढे या लोकांवर मोठे संकट आले. भटक्यांनी एका जागी राहावे, असे सोव्हिएत सरकारने ठरवले. त्यांचे कळप काढून सामूहिक शेतांना जोडले. एका ठिकाणी कोंडलेल्या जनावरांना चारा पुरेना. शिवाय सरकारला मांस आणि धान्य द्यावेच लागे. थोड्याच वर्षांत कझाकस्तानातील दहा जनावरांपैकी सुमारे नऊ नाहीशी झाली. जिथे अन्न म्हणजे दूध आणि मांस, तिथे गुरे गेल्यावर माणसे कशी जगणार? 1930 ते 1933 या काळात तिथे सुमारे पंधरा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. त्यांत बहुतेक कझाक होते. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून चीनमध्ये गेली. काही किरगिझस्तानात आली. गुरांची चौकशी आधी का करतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

1991 साली दोन्ही देश स्वतंत्र झाले. 1992 साली किरगिझस्तानने आपल्या लाल झेंड्यावरील सूर्यात तुंदुक काढला आणि कझाकस्तानने राजचिन्हाच्या मधोमध शानिराक ठेवले. 2014 साली युनेस्कोने तंबू बांधण्याच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते दोन्ही देशांच्या नावाने एकत्रच. आज बहुतेक लोक पक्क्या घरांत राहतात. तरी उन्हाळा आला, की किरगीझ मेंढपाळ तंबूचे सामान ट्रकवर चढवतात आणि जायलोची वाट धरतात.