देवगाव फाटा ते नेरूळ

जालना-जिंतूर रस्त्यावर सेलूकडे वळतो तो आमचा देवगाव फाटा. इथल्या मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. त्या गाण्यांत एकदा कोल्डप्लेचं ‘व्हिवा ला विदा’ आलं आणि हा ब्रिटिश बँड माझा झाला. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला त्यांचे कार्यक्रम झाले. १८ तारखेला मी तिथं होतो. पहिल्यांदाच असा कार्यक्रम ऐकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे.

१. तिकिटाला सगळ्या नातेवाइकांना कामाला लावा. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता विक्री सुरू झाली आणि रांगेत लाखो लोक. तिसरी तारीख त्याच दिवशी वाढवावी लागली. मला तिकीट मिळालं ते पुण्याच्या मावसबहिणीमुळे. मूळ दर अडीच हजारांपासून होता, काळ्या बाजारात त्याचे कितीतरी पट झाले. दलालाकडून घेऊ नका. तिकीट खोटं निघण्याची भीती आहेच, आणि खरं निघालं तरी वरचा पैसा गाणाऱ्याला मिळत नाही.

२. सेलूहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरा आणि ठाण्याला उतरा. तिथून नेरूळला थेट लोकल आहे, दादरपर्यंत जायचं कारण नाही. संक्रांत नुकतीच झाली होती, आईनं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. डबा बाहेरच संपवा, आत नेऊ देत नाहीत.

३. इंग्रजी येत नाही म्हणून मागं राहू नका. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्याकडं सप्ताहात बुवांनी अभंगाचं ध्रुपद सोडलं की टाळकरी ते उचलतात, मग सगळा मांडव म्हणू लागतो. नेरूळला तेच झालं. ‘व्हिवा ला विदा’त शब्द नसलेली एक लकेर आहे. ती सुरू झाली आणि अख्खं स्टेडियम गाऊ लागलं. शेजारचा मुलगा कुठला, कुठल्या भाषेचा, मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं एकाच सुरात होतो. ज्याचा कान भजनावर तयार झाला, त्याला हे परकं वाटूच शकत नाही.

४. खर्ज अंगावर घ्या. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून खालचे सूर नीट येतच नाहीत. इतकी वर्षं मी कोल्डप्लेच्या गाय बेरीमनचा बेस जवळजवळ ऐकलाच नव्हता. विल चॅम्पियनच्या ड्रमबरोबर तो पहिल्यांदा छातीत वाजला, तेव्हा पाठ असलेली गाणीही नवी वाटली. जॉनी बकलंडची गिटार त्यावर स्वच्छ, बारीक वाजत राहते. प्रत्यक्ष जायचं ते एवढ्यासाठी.

५. महाग जागेचा हट्ट धरू नका. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटाला दिव्यांचा पट्टा देतात, त्याचे रंग गाण्याबरोबर बदलतात. हजारो दिवे एकदम पिवळे झालेले वरच्या स्वस्त जागेतूनच नीट दिसतात. निघताना पट्टा परत करायचा असतो, तो जरूर करा.

६. मोबाइल खिशात ठेवा. ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणं मध्येच थांबवून गायक ख्रिस मार्टिन त्या दौऱ्यात लोकांना हीच विनंती करायचा. ती माना.

७. परतीची गाडी दुसऱ्या दिवसाची काढा. गर्दीतून स्टेशन गाठायलाच फार वेळ लागतो.

आता आयोजकांना एक कळकळीची विनंती. मुंबई-पुण्यापलीकडेही महाराष्ट्र आहे. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला एखादा चांगला बँड आणा. ऐकणारी पोरं आमच्या फाट्या-फाट्यावर आहेत, ती तिकीट काढून येतील.